तिसरी पिशवी

१

तेयो उस्कांगा भर रस्त्यात झुलायला लागला तेव्हा लोकांनी टाळ्याच वाजवल्या.

वेराक्रूझच्या अर्ध मॅरेथॉनमध्ये तो सगळ्यांच्या पुढे होता. समुद्रकाठचा सरळ रस्ता, दीपस्तंभाजवळची शेवटची रेषा नजरेच्या टप्प्यात, आणि मागचा धावपटू पार लांब. बंदरातल्या माणसाने ही शर्यत कित्येक वर्षांत जिंकली नव्हती. त्यामुळे तेयो आधी डावीकडे आणि मग उजवीकडे कलला तेव्हा ‘जिंकायच्या आधीच चढली बघ याला!’ असं कोणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. मग त्याचे गुडघे दुमडले आणि कपाळ फुटपाथच्या कडेवर आपटलं. तो आवाज ऐकून हसणारे जागीच थिजले.

ओब्दुलिया लागुनेस शेवटच्या रेषेपाशी खुर्ची टाकून बसली होती. पोलीस खात्यातून निवृत्त होऊन तिला बराच काळ लोटला होता, पण गर्दीचा आवाज बदलला की तिचे कान अजून टवकारायचे. ती पोहोचली तोवर तेयोची मुलगी नेरेइदा बापाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. आजूबाजूला पाण्याच्या रिकाम्या पिशव्यांचा सडा पडला होता. हे दृश्य तेयोला कधीच बघवायचं नाही. तो मासेमारीच्या होडीवरचा माणूस. कासवं या पिशव्या गिळून मरतात म्हणून त्याने अख्ख्या धक्क्याशी भांडणं ओढवून घेतली होती.

“माद्रिना, ते उठत नाहीयेत,” नेरेइदा म्हणाली. ओब्दुलिया तिची माद्रिना, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी तिला हातात घेऊन उभी राहिलेली धर्माची आई.

रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हा उन्हाचा प्रताप नाही. रक्तात झोपेचं औषध आहे, थेंबांनी घेतात ते, आणि तेही भरपूर. त्यातून डोक्याला मार. शुद्धीवर कधी येईल, सांगता येत नाही.

तासाभरात कमांडर रेंतेरियाने नेरेइदाला चौकीत आणून बसवलं. टेबलावर त्याने दोनच वस्तू मांडल्या. एक, लाल लोकरीने गाठ मारलेली, तळाशी घोटभर पाणी उरलेली पिशवी. त्या घोटात तेच औषध सापडलं होतं. आणि दुसरी, नेरेइदाच्या खिशात मिळालेली नखं कापायची छोटी कात्री.

“पिशवी तुझीच ना?”

“माझीच. बाबांसाठी शहाळ्याचं पाणी भरलं होतं.”

“आणि कात्री? शर्यतीत पाणी द्यायला कात्री कशाला लागते?”

त्या प्रश्नावर नेरेइदाने चकार शब्द काढला नाही.

२

“जेफा, तुम्ही मला हे काम शिकवलंत,” रेंतेरिया ओब्दुलियाला बाहेर व्हरांड्यात म्हणाला. अजूनही तो तिला ‘जेफा’च म्हणायचा, साहेब म्हटल्यासारखं. “तुम्हीच सांगा. पिशवी तिची, औषध पिशवीत, पाणी तिने स्वतःच्या हाताने दिलं. आणि कात्रीचं विचारलं की तोंडात मिठाची गुळणी.”

“बापाला कशाला मारेल ती?”

“ते सरकारी वकील बघतील. जेवणं उरकली की मी तिला त्यांच्या ताब्यात देणार. एकदा कागद वर गेले की मग ना तुमच्या हातात, ना माझ्या.”

तिथे गेलेली माणसं निर्दोष ठरून बाहेर येईपर्यंत त्यांचं वय सरतं, हे ओब्दुलियाला चांगलं ठाऊक होतं. तिनेच किती तरी धाडली होती. तिच्या हातात फक्त दुपार होती.

ती आत जाऊन नेरेइदासमोर बसली. “कात्रीचं सांग.”

“नाही सांगणार. बाबांनी शपथ घातलीय. कांदेलारियाच्या माउलीची.”

“अगं, तुरुंगात जाशील!”

“बाबा शुद्धीवर येऊन ‘सांग’ म्हणाले तर सांगेन. तुम्ही सवाशे वेळा विचारा.”

पोरगी बापावर गेली होती. ओब्दुलियाला तिला दोन ठेवून द्याव्यात आणि कुशीतही घ्यावं, असं एकाच वेळी वाटलं.

“बरं, पिशव्या किती भरल्या होत्यास?”

“तीन. मी एकाच जागी उभी होते. बाबा जाताना एक दिली, परत येताना दुसरी. तिसरी जास्तीची म्हणून बर्फाच्या पेटीत ठेवली. ते पडल्यावर मी पेटी तशीच टाकून पळाले.”

“पेटीत आता बर्फाशिवाय काही नाही. रेंतेरिया म्हणतो तू खोटं बोलतेस.”

“ठेवली होती, माद्रिना.”

ओब्दुलियाने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. औषध चढायला किती वेळ लागतो?

“अर्धा तास तरी जातोच, पुष्कळदा जास्त. आणि हे थेंब म्हणाल तर अर्ध्या बंदराच्या उशाशी सापडतील.”

ओब्दुलियाच्याही सापडले असते. पण दुसरी पिशवी प्यायल्यावर तेयो पाच मिनिटंसुद्धा धावला नव्हता. म्हणजे औषध त्याच्या पोटात आधीच गेलेलं होतं. नेरेइदाच्या पहिल्या पिशवीतून, नाहीतर त्याच्याही आधी. आणि त्याच्याही आधी तेयो कॉफीच्या टेबलावर होता. त्याच टेबलावर ओब्दुलियाही बसली होती. गुन्हा आपल्या नाकासमोर झाला की काय, या विचाराने तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

३

सकाळी उजाडता उजाडता कमानीखालच्या कॉफीगृहात पाय ठेवायला जागा नव्हती. तिथली रीत अशी की काचेच्या पेल्यात तळाशी काळी कॉफी येते. मग आपण चमच्याने पेला टणटण वाजवायचा, की वेटर किटली घेऊन येतो आणि हात उंच करून वरून गरम दुधाची धार सोडतो. तेयोची कॉफी आली तेव्हा तो बाहेर लोकांबरोबर फोटो काढून घेत होता. आयोजक आरोनिसने येऊन त्याच्या जागेवर शर्यतीची टोपी ठेवली. शेजारच्या टेबलावरून फेर्मीन उत्रेरा साखरेचं भांडं मागायला आला, तेयोचा कट्टर प्रतिस्पर्धी. वेटर पुढे निघून जाईल म्हणून क्रिसोफोरोने स्वतःची कॉफी ढवळली, तेयोचीही ढवळली, आणि दोन्ही पेले वाजवून दूध घेतलं.

क्रिसोफोरो साल्मोरान हा तेयोचा प्रशिक्षक. एके काळचा मोठा धावपटू. त्याचा विक्रम दीपस्तंभाजवळच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत रंगवलेला आहे. नेरेइदाच्या बाप्तिस्म्याला ओब्दुलियाच्या शेजारी तिचा पाद्रिनो, म्हणजे धर्माचा बाप, म्हणून तोच उभा होता; तेव्हापासून तो त्या घरचा कोंपाद्रे आणि ओब्दुलिया त्याची कोमाद्रे. व्याह्यासारखं नातं, पण त्याहून जवळचं.

“कोंपाद्रे, आज तुमचं नाव पुसतो हं भिंतीवरून,” तेयो गोड पाव कॉफीत चांगला भिजवत म्हणाला होता.

“पूस की! मीच तर फडकं दिलंय हातात,” असं म्हणून क्रिसोफोरो सगळ्यांत मोठ्याने हसला होता.

मग तेयोने एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं होतं. “काय रे, आज कॉफी कडू लागतेय.” वेटरला राग आला होता, आणि तेयोने त्याची समजूत काढायला पेला एका दमात संपवला होता.

सगळ्यांना एकाच किटलीतून वाढणारा वेटर सोडला, तर आरोनिस, फेर्मीन आणि क्रिसोफोरो हे तिघेच त्या पेल्याजवळ आले होते. ओब्दुलियाने एकेकाला गाठलं.

आरोनिस कार्यालयात घाम पुसत बसला होता. “मी सगळा वेळ पुढच्या गाडीत होतो, सेन्योरा. गाडी थांबलीच नाही. पडल्याचं मला रेडिओवरून कळलं. आमच्या शर्यतीची अब्रू गेली हो!”

“तेयोची अवस्था काय आहे ते विचारायचं राहिलं तुमचं.”

आरोनिस ओशाळला. “कसा आहे तो?”

जिंकलेला फेर्मीन पदक खिशात कोंबून समुद्राकडे तोंड करून बसला होता. “सगळे माझ्याकडे असे बघतायत जसं काही मीच केलं. आई शपथ, दोन्या ओब्दुलिया, मला त्याची पाठ सोडून काही दिसलं नाही. तीही लांबून. असलं पदक घेऊन काय चाटायचंय?”

“तो पाणी पीत असताना कोण होतं जवळ?”

“त्याचा कोच. सायकलवर. कायम असतो.”

क्रिसोफोरो रुग्णालयाच्या पायऱ्यांवर डोकं धरून बसला होता. ओब्दुलियाला पाहताच त्याचे डोळे भरून आले.

“कोमाद्रे, मी समोर असून काही करू शकलो नाही. मी सायकलवर दहा पावलांवर होतो. पोरीने पिशवी दिली, त्याने दाताने कोपरा तोडला, थुंकला, दोन घोटांत संपवली आणि टाकली रस्त्यावर. मला काय माहीत त्यात काय आहे! तो पडल्यावर मागे वळलो, तर ती लाल लोकर दिसली. उचलून रेंतेरियाकडे दिली. आता वाटतं, नसती दिली तर बरं झालं असतं. आपलीच पोर आहे ती.”

“आपलीच,” ओब्दुलिया म्हणाली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून आत गेली.

तेयो अजून बेशुद्धच होता. दाराशी एका परिचारिकेने तिला थांबवलं. “तुम्ही घरच्या ना? पेशंटचं सामान घ्या. अंगावर निघालेलं सगळं यात आहे.”

ओब्दुलियाने तो कागदी पुडा उघडून आत पाहिलं आणि एकेक वस्तू बाकावर मांडायला घेतली.

४

पुड्यात धावायची चड्डी होती. तिच्या कमरपट्ट्यात घडी घालून खोचलेल्या दोन रिकाम्या पिशव्या होत्या. दोन्हींना लाल लोकर, आणि दोन्हींचे कोपरे सरळ रेषेत कापलेले. आणि त्याखाली एका छोट्या डबीत समोरच्या दोन दातांची कवळी.

नाताळात समुद्रकाठी सगळे भाजलेली कणसं कुरतडत होते आणि तेयो चाकूने दाणे काढून खात होता, ते तिला आठवलं. ‘मोठा साहेब झालास का रे?’ म्हणून तिने त्याची टर उडवली होती. त्याआधी पावसाळी वाऱ्यात होडीचा दांडा लागून त्याचा ओठ सुजला होता ते आठवलं, आणि सकाळचा तो भिजवलेला पावही. मग ती डॉक्टरीणबाईंच्या हातात दोन्ही पिशव्या देऊन म्हणाली, “यांच्या तळाशी औषध आहे का, तेवढं बघा. आत्ताच्या आत्ता.”

उत्तर यायला वेळ लागत होता. रस्त्यावर जेवणाच्या वेळेची शांतता पसरत चालली होती. रेंतेरियाचा फोन आला.

“जेफा, गाडी दाराशी लागलीय.”

“कॉफीगृहात आण तिला. आणि आरोनिस, फेर्मीन आणि क्रिसोफोरोलाही.”

“मला वर उत्तर द्यावं लागेल.”

“मी चुकले तर माझं नाव सांग. तिथून थेट घेऊन जा तिला. मी आडवी येणार नाही.”

तिने फोन ठेवला. उत्तर अजून आलंच नव्हतं.

५

कॉफीगृहात सकाळच्याच टेबलाभोवती आरोनिस, फेर्मीन आणि क्रिसोफोरो बसले. नेरेइदा एका पोलीसबाईशेजारी उभी होती. ओब्दुलियाने प्रत्येकापुढे पाण्याची एक बंद पिशवी ठेवली.

“उकडतंय. आधी पाणी प्या.”

फेर्मीनने कोपरा दाताखाली धरला, तोडला, थुंकला. क्रिसोफोरोने तेच केलं. रेंतेरियानेही. आरोनिसने वेटरकडे पेला मागितला, पण पिशवी पेल्यात ओतायच्या आधी तिचा कोपरा त्यानेही दातानेच तोडला.

“बघितलंत?” ओब्दुलिया म्हणाली. “कोणी विचार केला नाही. या बंदरात पोराला दात येतात तेच मुळी पिशवीचा कोपरा तोडायला. रेंतेरिया, तुझ्याकडची पिशवी दाखव. कोपरा कसा आहे?”

रेंतेरियाने ती उजेडात धरली. “चावलेला.”

“आता या बघ.” तिने त्या दोन पिशव्या टेबलावर ठेवल्या. “तेयोच्या कमरेला खोचलेल्या होत्या. तो पिशवी रस्त्यावर टाकत नाही, कासवांपायी. पोरीने दिलेल्या पिशव्या या दोन. दोन्ही कात्रीने कापलेल्या. डॉक्टरीणबाईंचा आत्ताच, दारात असताना, निरोप आला. दोन्हींत शहाळ्याच्या पाण्याशिवाय काही नाही.”

“पण कात्रीने कशाला?” फेर्मीनने विचारलं.

नेरेइदा ओरडली, “माद्रिना, नको! मी शपथ घेतलीय!”

“तू घेतलीस, मी नाही घेतली.” ओब्दुलियाने डबी उघडून पुढे ठेवली. “पावसाळी वाऱ्यात होडीचा दांडा तोंडावर बसला होता त्याच्या. पुढचे दोन दात गेले. धक्क्यावर कळलं असतं तर मरेपर्यंत ‘बोळक्या’ म्हणून हाका मारल्या असत्या तुम्ही लोकांनी, म्हणून ही अळीमिळी गुपचिळी. धावताना कवळी काढून खिशातल्या डबीत ठेवतो, आणि पोर आधी कोपरा कापून पिशवी हातात देते. बापाची फजिती होऊ नये म्हणून ही मूर्ख पोरगी तुरुंगात जायला निघाली होती.”

वेटर किटली हातात धरून तसाच उभा राहिला. कोणी हसलं नाही.

“म्हणजे ही तिसरी पिशवी तेयोच्या तोंडाला लागलेलीच नाही,” रेंतेरिया सावकाश म्हणाला.

“नाही लागली. तो पडला, पोर पळाली, पेटी उघडी राहिली. कोणीतरी त्यातली पिशवी उचलली, प्यायल्यासारखी दिसावी म्हणून कोपरा तोडला, पाणी ओतून दिलं, उरलेल्या घोटात थेंब टाकले. सगळ्यांनी पिशवीकडे बघावं, कॉफीच्या पेल्याकडे बघू नये, म्हणून. आरोनिस पुढे गाडीत होते. फेर्मीन धावत होता. आणि एका माणसाने मला आज सांगितलं की तेयोने ‘दाताने कोपरा तोडला, थुंकला आणि पिशवी टाकली रस्त्यावर’. दहा पावलांवरून बघितलं म्हणे.” ती क्रिसोफोरोकडे वळली. “कोंपाद्रे, जे सगळे करतात ते तू सांगितलंस. त्याने केलेलं तू बघितलंच नाहीस, कारण तुझी नजर त्याच्या पायांवर होती. अजून का पडत नाही, म्हणून.”

लांबच्या टेबलावर कोणीतरी पेला वाजवला, टणटण, आणि त्या आवाजाने क्रिसोफोरो दचकला.

“पडावा असं नव्हतं,” शेवटी तो म्हणाला. “पाय जड व्हावेत, एवढंच. जिंकला असता तरी चाललं असतं मला, कोमाद्रे. सावकाश जिंकला असता, तरी चाललं असतं. पण सरावातच कळलं मला, हा माझी वेळ मोडणार. मीच तयार केला त्याला. या गावात माझं काय आहे? ना बायको, ना मूल. ती एक ओळ आहे भिंतीवर. रोज संध्याकाळी जाऊन बघतो मी, आहे का म्हणून.”

“आणि पोर? बाप्तिस्म्याच्या पाण्यावर तिला माझ्याबरोबर तूही धरलं होतंस.”

“घाबरलो. त्याचं डोकं फुटलेलं बघितलं आणि घाबरलो. वाटलं, पिशवी कोणाच्याही हातची ठरेल... तिच्या अंगावर येईल असं डोक्यातच आलं नाही. मग आलं. आणि तरी मी बोललो नाही.” त्याने नेरेइदाकडे पाहायचा प्रयत्न केला, पण मान वर होईना.

नेरेइदाने मात्र त्याच्याकडे पाहिलं. “पाद्रिनो, तुम्ही मला सायकल शिकवलीत,” एवढंच म्हणून ती रडायला लागली.

पोलिसांनी त्याला नेलं तेव्हा ओब्दुलियाला आपण जिंकलो असं अजिबात वाटलं नाही. सख्खा भाऊ गेल्यासारखं वाटत होतं.

६

तेयोला दुसऱ्या दिवशी दुपारी शुद्ध आली. तोवर ते गुपित काही डबीत राहिलं नव्हतं. कॉफीगृहातून बातमी निघाली ती धक्क्यावर जाऊन थांबली, आणि रुग्णालयाच्या खिडकीखाली होडीवाल्यांचा घोळका ‘ए बोळक्या! ऊठ की!’ म्हणून सुरात ओरडत होता.

ओब्दुलियाने त्याला सगळं सांगितलं, काही न लपवता. क्रिसोफोरोचं नाव आलं तेव्हा त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

“पोरं रंगाचा डबा घेऊन निघालीत,” शेजारी उभा असलेला फेर्मीन म्हणाला. “भिंतीवरच्या नावावर रंग फासतो म्हणतात.”

“नको म्हणावं,” तेयो म्हणाला. दात नसल्याने शब्द फसफसत होते. “तेवढं तो खरंच धावला होता. राहू दे. पुढच्या वर्षी पुसेन मी.”

“आणि मी काय बघत बसेन?” फेर्मीन म्हणाला.

“तू नेहमीसारखा माझी पाठ बघ.”

मग त्याने दाराकडे पाहिलं. नेरेइदा अपराध्यासारखी तिथेच उभी होती. “बाबा, मी नाही सांगितलं हो. शप्पथ.”

“कळलं मला. गाढव आहेस.” त्याचे डोळे पाण्याने भरले. “दात गेले तर गेले. तुला नेली असती तर मी काय केलं असतं? इकडे ये. पाणी दे. घसा सुकलाय.”

खाटेशेजारी पाण्याची पिशवी होती. नेरेइदाने ती हातात घेतली आणि सवयीने पाठ फिरवून बापाला आडोसा करायला लागली. तेयोने तिचा हात धरून तिला परत समोर वळवलं. दारात फेर्मीन होता, परिचारिका होत्या, रेंतेरिया होता, आणि खिडकीत चढलेले दोन होडीवाले होते. रेंतेरियाने खिशातून ती छोटी कात्री काढून पुढे केली.

नेरेइदाने सगळ्यांदेखत पिशवीचा कोपरा कापला.